पत्त्यापुरतं ऑफिस

नुसत्या पत्त्यापुरत्या घेतलेल्या ऑफिसात रोज डबा घेऊन जाऊन बसणारा मी जगातला पहिलाच माणूस, असं माझा मेव्हणा चारचौघांत सांगत असतो. सांगू दे. मेव्हण्यांना बोलायला विषय लागतो आणि बहिणीचा नवरा हा त्यांना आयताच मिळालेला असतो. पण मी तिथे जाऊन बसलो नसतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. आणि जे घडलं, त्यात शेवटी मान कोणाची ताठ राहिली, हे सगळं ऐकून झाल्यावर तुम्हीच ठरवा.

माझा धंदा वेळापत्रकांचा. बसगाड्यांच्या नव्हे, शाळांच्या. हसू नका. एका शाळेत वर्ग असतात, विषय असतात, शिक्षक असतात, इथपर्यंत कोणालाही कळतं. पण गणिताचे सर मधल्या सुट्टीनंतर शिकवत नाहीत कारण जेवल्यावर त्यांना झोप येते, चित्रकलेच्या बाई आठवड्यातून अर्धेच दिवस येतात, प्रयोगशाळा एकच आहे, आणि विज्ञानाचे सर व इंग्रजीच्या बाई यांचा एकमेकांपासून घटस्फोट झालेला असल्यामुळे दोघांचा मोकळा तास एकाच वेळी आला तर शिक्षकांच्या खोलीतल्या बाकीच्यांना बाहेर व्हरांड्यात उभं राहावं लागतं. हे सगळं सांभाळून एका कागदावर असं मांडायचं, की एकही वर्ग शिक्षकाविना राहणार नाही आणि एकही शिक्षक एकाच वेळी दोन वर्गांत सापडणार नाही. मी नोकरीत भूगोल शिकवला, पण नाव कमावलं ते वेळापत्रकात. नोकरी संपल्यावर मी ठरवलं, की आता हेच काम स्वतःच्या नावावर करायचं.

आणि करायला घेतलं तर काय, पहिलंच गिऱ्हाईक भलं मोठं मिळालं. अनेक शाळा चालवणारी एक संस्था होती. तिच्या संचालिकाबाईंनी माझ्याशी तासभर बोलून घेतलं, माझा एक नमुना उलटसुलट तपासला आणि म्हणाल्या, "सर, काम तुम्हालाच द्यायचंय. पण आमच्या नियमात काम माणसाला देता येत नाही, नोंदणी झालेल्या व्यवसायाला देता येतं. शाळा उघडायच्या आत नोंदणी क्रमांक आणा. नाहीतर सॉफ्टवेअरवाले दारात उभेच आहेत."

सॉफ्टवेअरला सगळं कळतं, फक्त घटस्फोट कळत नाही. पण हे मी त्यांना बोललो नाही. क्रमांक आणतो म्हणालो आणि उठलो.

नोंदणीला काय लागतं हे पाहिलं तर सगळ्यात वर लिहिलेलं होतं: व्यवसायाच्या जागेचा पत्ता, आणि त्या जागेच्या दारावर व्यवसायाच्या नावाची पाटी. पाटी सक्तीची! हे वाचून मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. माणसाला पाटीची हौस असते. मलाही होती. दारावर आडनाव असणं वेगळं आणि कामाचं नाव असणं वेगळं. मी त्याच पावली सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेलो.

आमचे अध्यक्ष वरच्या मजल्यावर राहतात. माणूस वाईट नाही, पण नियमांवर त्यांचं पोटच्या पोरासारखं प्रेम. जिन्यातल्या कुंड्या भिंतीपासून किती लांब असाव्यात हे ते फुटपट्टीने मोजतात, आणि कुंडी सरकलेली दिसली तर मालकाला खाली बोलावून त्याच्याच हाताने मागे ढकलायला लावतात. मी पाटीची गोष्ट काढताच त्यांनी चष्मा चढवला.

"मास्तर, राहत्या घरात व्यवसाय चालत नाही. दारावर फक्त आडनाव. नियम सतरा."

"अहो, पण मी घरात बसून पेन्सिलच तर चालवणार!"

"आज तुम्ही पेन्सिल चालवाल, उद्या कोणी शिलाई मशीन चालवेल, परवा कोणी पिठाची गिरणी."

"पेन्सिलीचा आवाज होत नाही."

"पाटीचा होतो," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

या वाक्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. जिना उतरेपर्यंत इमारतभर बातमी झाली होती. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "पाटी दाराच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे नियमही मोडायचा नाही." तळमजल्यावर राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी सल्ला दिला की मी सोसायटीची निवडणूक लढवावी, अध्यक्ष व्हावं, नियम बदलावा आणि मग पाटी लावावी. शाळा त्याआधीच उघडतील म्हटल्यावर ते म्हणाले, "मग पुढच्या वर्षीच्या शाळा धरा." सल्ला देणाऱ्याला घाई कधीच नसते. शेवटी फोनवरून मेव्हण्याने तोडगा काढला.

"भाऊजी, व्हर्च्युअल ऑफिस घ्या."

"म्हणजे काय?"

"म्हणजे चांगल्या इमारतीत पत्ता तुमचा, टपाल तुमचं, फोन उचलायला माणूस तुमचा, भिंतीवर पाटीसुद्धा तुमची. सरकारला चालतं. पूर्ण कायदेशीर."

"आणि जागा?"

"तेवढी एक नसते."

मी आयुष्यभर पोरांना अक्षांश आणि रेखांश शिकवले. ते जिथे छेदतात तिथे काहीतरी असतंच, निदान समुद्र तरी, अशी माझी समजूत. तरी गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, त्याप्रमाणे मी गेलो. काचेची उंच इमारत, लिफ्टमध्ये आरसा, वरच्या मजल्यावर गुळगुळीत फरशी, एक टेबल, टेबलामागे फोन सांभाळणारी एक तरतरीत मुलगी आणि तिच्या मागची अख्खी भिंत पाट्यांनी भरलेली. एकेक पाटी साबणाच्या वडीएवढी. तिथल्या करारावर सह्या करून वर्षभराचे पैसे भरून झाल्यावर मी तिला विचारलं, "मग आता माझं ऑफिस कोणतं?"

"हे सगळंच, काका."

"नाही, म्हणजे मी बसायचं कुठे?"

"बसायचं नसतं, काका," ती अगदी प्रेमाने म्हणाली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती; हात न थांबवता म्हणाली, "म्हणजे खोली न देता नुसता खोलीचा नंबर दिला. आणि तुम्ही वर्षाचे पैसे मोजून आलात."

आता हे वाक्य कोणत्याही सरळमार्गी माणसाच्या मनाला लागेल. आमच्या घराची रीत अशी, की पैसे भरलेली वस्तू वाया जाऊ द्यायची नाही. पेपर घेतला तर त्यातल्या निविदासुद्धा वाचायच्या. प्रवासात खिडकीचं तिकीट काढलं तर ऊन लागलं तरी पडदा ओढायचा नाही. मग ऑफिस घेऊन घरी बसायचं? दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला, डबा घेतला, कागदाची गुंडाळी आणि रंगीत पेन्सिली घेतल्या आणि ऑफिसला गेलो. पाहुण्यांसाठी एक सोफा होता, त्याच्या एका टोकाला बसलो. करारात बसायचं नाही असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, मी नीट वाचला होता.

पहिले काही दिवस ती मुलगी अवघडली. रोज विचारायची, "काका, कोणाला भेटायचंय?" मी म्हणायचो, "कोणाला नाही. मी इथलाच." मग सवय झाली. मलाही, तिलाही. तिथे एक मीटिंगची खोली होती, ती सगळ्या कंपन्यांना मिळून एकच. त्या खोलीवरून रोज भांडणं. एका कंपनीचे लोक आत बसलेले असताना दुसऱ्या कंपनीचे दारावर टकटक करायचे. माझ्यासमोर वेळ असा वाया जाताना मला बघवत नाही, हा धंद्याचा गुण म्हणा की खोड. मी एक मोठा कागद घेतला, सगळ्यांच्या गरजा विचारून घेतल्या, आणि त्या खोलीचं आठवड्याचं वेळापत्रक चार रंगांत करून दारावर लावलं. खाली कोपऱ्यात सही केली. भांडणं त्या दिवसापासून बंद झाली आणि माझा भाव वाढला. माझ्यासाठीही चहा येऊ लागला.

पुढचं पाऊल आपोआप पडलं. ती मुलगी घास तोंडात आणि फोन कानाला अशी जेवायची. मी म्हटलं, "तू आत जाऊन शांतपणे जेव. फोन मी बघतो."

"तुम्हाला जमेल, काका?"

मी सरळ तिच्या खुर्चीत जाऊन बसलो. पन्नास पोरांचा वर्ग ज्याने आवाज न चढवता सांभाळला त्याला फोन जमेल का, हे विचारणंच चूक होतं. तिने शिकवलं ते सोपं होतं. पडद्यावर कंपनीचं नाव येतं. ते नाव घ्यायचं, नमस्कार म्हणायचं, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणायचं आणि निरोप लिहून घ्यायचा. मी काम लगेच आत्मसात केलं. खरं सांगायचं तर मजा यायला लागली. माशांच्या खाद्याच्या कंपनीसाठी मी जरा मऊ आवाज लावायचो. खुर्च्यांच्या पायांना बसवायच्या रबरी टोप्यांची एक कंपनी होती, तिच्यासाठी जरा भारदस्त.

आणि मग तो दिवस उजाडला.

मुलगी जेवायला आत गेली होती. फोन वाजला. पडद्यावर मासे. मी मऊ आवाजात नमस्कार केला.

"मालक आहेत का?" पलीकडून एक कोरडा आवाज.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

फोन बंद. लगेच दुसरा. रबरी टोप्या. तोच कोरडा आवाज. "मालक आहेत का?"

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," मी भारदस्तपणे सांगितलं.

लगेच तिसरा. पडद्यावर माझ्याच व्यवसायाचं नाव! माझ्या व्यवसायाला आलेला तो आयुष्यातला पहिला फोन. खरं तर मी उडी मारून "बोला, मीच" म्हणायला हवं होतं. पण हात आणि तोंड एकदा वळणाला लागलं की लागलं.

"मालक आहेत का?"

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

एवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि फोन कानाला लावलेला एक गृहस्थ बाहेर आला. काखेत फाईल, गळ्यात ओळखपत्र. तो माझ्याकडे बघत होता. मी फोनवर "निरोप काय सांगू?" असं विचारलं आणि ते त्याला दोन्हीकडून ऐकू आलं. त्याने फोन खिशात ठेवला.

"मी नोंदणी कार्यालयातून आलोय. जागा तपासायला. आत्ता फोनवर तुम्हीच होतात?"

"हो."

"तिन्ही वेळा?"

"हो, पण..."

"वेळापत्रकांच्या व्यवसायाचे मालक मीटिंगमध्ये आहेत म्हणालात. कोण आहेत मालक?"

"मीच."

निरीक्षकसाहेबांनी फाईल टेबलावर ठेवली. "मग तुमची मीटिंग कोणाबरोबर चालली होती?"

"आता तुमच्याबरोबरच म्हणायची," मी म्हणालो.

विनोद चांगला होता, असं मला अजूनही वाटतं. पण सरकारी कामात विनोदाची वेळ ठरवून घ्यावी लागते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाट्यांच्या भिंतीकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या मनात काय हिशोब जुळला ते मला स्पष्ट दिसलं. एक म्हातारा, एक फोन आणि भिंतभर कंपन्या. मी घाईघाईने सगळं सांगायला लागलो, सोफा, डबा, मुलीचं जेवण. जितकं जास्त सांगितलं तितकं ते जास्त खोटं वाटायला लागलं. खरं एका दमात सांगितलं की ते पाठ केल्यासारखं ऐकू येतं, हे मी पोरांच्या बाबतीत कित्येकदा पाहिलं होतं.

"तिन्ही नोंदण्या मी थांबवतोय," ते म्हणाले. "एकच माणूस तिन्ही नावांनी बोलतोय. उद्या सकाळी तिघांचे मालक मला इथे समोर हवेत. वेगवेगळे. तीन वेगवेगळी माणसं."

मुलगी तोपर्यंत हात धुऊन बाहेर आली होती. साहेब गेल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, माझी नोकरी जाईल." मला अतिशय वाईट वाटलं. माझं काम जाणार होतं ते जाणारच होतं, पण हिने बिचारीने फक्त चार घास सुखाने खाल्ले होते. मी म्हटलं, "तुझं नाव येणार नाही. फोन मी मागून घेतले होते." आणि तिने बाकीच्या दोन मालकांना निरोप धाडले.

घरी आलो तर संचालिकाबाईंचा निरोप येऊन पडला होता: शाळा उघडायला आल्या, क्रमांक कुठे आहे? मी बायकोला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. म्हणाली, "उद्या खरं तेच सांगा. पण थोडक्यात सांगा. तुम्ही खुलासा करायला लागलात की निरपराध माणूससुद्धा चोर वाटतो." मग कपाट उघडून तिने शाळेतली माझी जुनी वेळापत्रकं काढली, नीट गुंडाळली आणि डब्याच्या पिशवीत घातली. इतकी वर्षं तिने ती जपून ठेवली होती, हे मला माहीतच नव्हतं.

सकाळी मीटिंगच्या खोलीत निरीक्षकसाहेब मधोमध बसले होते. माशांच्या खाद्याचे मालक आले. ते खरोखरच मऊ बोलत होते, याचं मला समाधान वाटलं. तिसरी खुर्ची रिकामी. मग दार उघडलं आणि आत आले आमचे सोसायटीचे अध्यक्ष.

हातात नेहमीची बॅग.

"मास्तर, तुम्ही इथे?"

"मी रोज इथे असतो. तुम्ही?"

"जरा... कामानिमित्त," अध्यक्ष म्हणाले आणि छताकडे बघू लागले.

"रबरी टोप्यांचे मालक आले का?" साहेबांनी विचारलं. अध्यक्ष छतच बघत होते. साहेबांनी परत विचारलं. तेव्हा अध्यक्षांनी छातीच्या उंचीपर्यंत एक बोट वर केलं. गृहपाठ न केलेला पोरगा असंच बोट वर करतो, पाहिलं तरी चालेल आणि नाही पाहिलं तर फार बरं, अशा बेताने.

"माल कुठे ठेवता?"

"घरी," अध्यक्ष पुटपुटले.

"ऐकू आलं नाही."

"घरी. बेडरूममध्ये. पलंगाखाली."

मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही, कारण सभ्य माणसाने तसं म्हणू नये. पण झाला. वरच्या मजल्यावर अवेळी खोकी सरकवल्याचे आवाज यायचे आणि बायको म्हणायची, अध्यक्षांकडे उंदीर झालेत. नियम सतरा पलंगाखाली गेला होता.

मग माझी पाळी आली. मी बायकोचं ऐकलं आणि थोडक्यात सांगितलं. मी शाळांची वेळापत्रकं करतो. काम घरी जेवणाच्या टेबलावर करतो. हा पत्ता नोंदणीसाठी घेतला. पैसे भरलेत म्हणून येऊन बसतो. काल फोन उचलले ती माझी हौस होती, त्यात दुसऱ्या कोणाचाही दोष नाही.

"काम करता याचा पुरावा?"

मी पिशवीतून गुंडाळी काढली आणि टेबलावर पसरली. वर्षावर्षांची वेळापत्रकं. साहेबांनी एकेक कागद खालच्या बाजूने पाहिला. "यावर सही मुख्याध्यापकांची आहे. सगळ्यांवर. तुमचं नाव कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. प्रत्येक उन्हाळी सुट्टीत मुख्याध्यापक मला खोलीत बोलवायचे, चहा द्यायचे, मी दिवसचे दिवस बसून तो कागद सोडवायचो आणि खाली ते सही करायचे. सगळ्या शाळेला ठाऊक होतं, पण कागदाला ठाऊक नव्हतं. त्या वेळी मी मनाला लावून घेतलं नव्हतं असं मला वाटत होतं. त्या टेबलापाशी उभा राहिलो आणि कळलं, की लावून घेतलं होतं. चांगलंच लावून घेतलं होतं. मी कागद परत गुंडाळायला लागलो.

"साहेब, हे बघा ना," दारातून आवाज आला. फोन सोडून ती मुलगी उभी होती आणि खोलीच्या दारावर लावलेला चार रंगांचा कागद बोटाने दाखवत होती. "हे काकांनी केलंय. हे लागल्यापासून इथे एकदाही भांडण झालं नाही. खाली त्यांची सही आहे."

साहेब उठले. कागदासमोर उभे राहून बराच वेळ वाचत राहिले. "हे वकील आणि या योगाच्या बाई एकाही दिवशी लागोपाठ नाहीत. का?"

"त्यांचं गाडी लावण्यावरून वैर आहे. लागोपाठ ठेवले तर दारात गाठ पडते."

"हे तुम्हाला त्यांनी सांगितलं?"

"सांगत कोणीच नाही. विचारावं लागतं."

साहेब हसले नाहीत, पण त्यांच्या कोरड्या आवाजात जरा ओल आली. ते खुर्चीवर येऊन बसले. "ठीक आहे. माणूस खरा, काम खरं. पण काम घरी होतं, तर घर ही कामाची जादा जागा म्हणून दाखवावी लागेल. त्याला सोसायटीच्या अध्यक्षांची ना-हरकत लागते. आणि त्या दारावर पाटी. पाटी सक्तीची आहे. पाटीसकट तुमचा फोटो मी स्वतः येऊन काढणार. तिघांची चौकशी एकत्र उघडलीय, ती एकत्रच बंद होईल. यांचं मिटलं की मग तुमचं मिटलं."

शेवटचं वाक्य ते बाकीच्या दोघांकडे बघून बोलले. माशांचे मालक मऊपणे म्हणाले, "पण तुमच्या सोसायटीचे अध्यक्ष देतील ना हो ना-हरकत?"

मी अध्यक्षांकडे पाहिलं. एखाद्याची दया येण्याइतका वेळ पाहिलं. मग अध्यक्षांनी बॅग उघडली. सोसायटीचे छापील कागद ते नेहमी बरोबर बाळगतात, कधी कोणाला ताकीद द्यावी लागेल सांगता येत नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांनी मला ना-हरकत लिहून दिली. लिहिताना अटी मात्र सोडल्या नाहीत: पाटी नेमस्त आकाराची असावी, रंग भडक नसावा, अक्षरं वाचनीय असावीत. "नियम म्हणजे नियम, मास्तर," कागद देताना ते म्हणाले. मी फक्त "आभारी आहे" म्हणालो.

पाटी कशी असावी यावर घरात जी चर्चा झाली ती वेगळ्या गोष्टीचा विषय आहे. मला माझं नाव लहान आणि व्यवसायाचं मोठं हवं होतं. बायको म्हणाली, "उलटं करा. व्यवसाय अजून व्हायचाय, तुम्ही कधीचे झालेले आहात." पाटीवाल्याने आज देतो, उद्या देतो करत नेमकी त्याच दुपारी आणून दिली, ज्या दुपारी साहेब येणार होते. सकाळीच संचालिकाबाईंचा फोन येऊन गेला होता: संध्याकाळपर्यंत क्रमांक आला नाही तर त्यांचा नाइलाज. मी पाटीसाठी भोकं पाडायला सुताराला बोलावलं. त्याने ड्रिल मशीन भिंतीला टेकवलं आणि जिन्यातून गर्जना झाली.

"थांबा! दुपारी ड्रिल नाही. लोकांची झोपायची वेळ आहे. नियम नऊ!"

अध्यक्ष धावत खाली आले. मी म्हटलं, "अहो, साहेब खाली गाडी लावतायत! फोटो आत्ता काढायचाय. पाटी भिंतीवर दिसली नाही तर माझं काम गेलं आणि तुमच्या टोप्या पलंगाखालीच राहिल्या."

"टेप लावा."

"पाटी पितळेची आहे. टेपने पडते. आत्ताच एकदा पडली."

अध्यक्षांनी ड्रिलकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. समोरच्या वहिनी दार किलकिलं करून बघत होत्या. अध्यक्षांनी आत्ता एकदा नियम मोडू दिला असता तर कोणी काही म्हणालं नसतं. पण मी या माणसाला चुकीचं ओळखलं होतं. त्याने नियम पलंगाखाली घातला असेल, पण दुपारच्या वेळी, लोक झोपलेले असताना, मोडला नाही. त्यांनी बाह्या वर केल्या, दोन्ही हातांत पाटी घेतली आणि दाराशेजारच्या भिंतीवर दाबून धरली. मग स्वतः दाराच्या आत जाऊन फक्त हात तेवढे बाहेर ठेवले.

साहेब वर आले. मी पाटीखाली उभा राहिलो. बायको आतून म्हणाली, "शर्टाची कॉलर." मी कॉलर नीट केली. माझं नाव माझ्या डोक्यावर होतं, मोठ्या अक्षरात, आणि खाली शाळांची वेळापत्रकं करून मिळतील असं कोरलेलं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या सहीखाली काढल्यावर माणसाला जे वाटेल ते मला वाटत होतं, आणि ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मी दात घट्ट आवळले होते. क्रमांक त्याच संध्याकाळी आला, काम मिळालं, टोप्या आणि मासेही सुटले. पण माझ्या लेखी महत्त्वाचा तो फोटोच.

साहेबांनी मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि मग परत खाली घेतला. "पाटीच्या कडेला बोटं दिसतायत," ते म्हणाले. "कोणाची आहेत?"

"आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांची."

"त्यांना काढायला सांगा. फोटोत येतील."

"येऊ द्या, साहेब," मी म्हणालो. "तीच त्यांची ना-हरकत."